अकरा सह्यांचा कागद

सुभेदारसाहेब,

हवालदार गोसावी उद्या सकाळी दहाला येणार होता. महिन्यापूर्वी तुम्हीच त्याला वेळ दिली होती. कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात तुमच्या हातचं 'गोसावी' लिहिलेलंही आहे. तो इतके दिवस गावी होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. आज दुपारी त्याचा फोन आला तेव्हा वहिनींनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. साहेब गेले, परवा तेरावं झालं, हे मला सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "मॅडम, मग मी येऊ का नको?"

मी त्याला संध्याकाळी परत फोन करायला सांगितलं आणि तुमच्या ओट्यावरच्या टेबलाशी येऊन बसले. उत्तर द्यायच्या आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट ठेवून जायची तुम्हाला कोणी परवानगी दिली नव्हती.

या तेरा दिवसांत लोक येऊन तुमच्याबद्दल काय काय बोलून गेले. देवमाणूस, शिस्तीचा पुतळा, वज्रासारखा खंबीर. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर ढकलून लाल पेन्सिल काढली असती. "विशेषनं काढा बाई. काय झालं, कुठं झालं, कोनं पाह्यलं. बाकी सारा पालापाचोळा." एवढी वर्षं मी इंग्रजीत अर्ज टाइप केले आणि एवढी वर्षं तुम्ही त्यातली माझी लाडकी विशेषणं उडवलीत. 'अमानुष' काढा, 'घोर' काढा, 'अत्यंत क्लेशदायक' तर ऐकूसुद्धा नका. मी नारायण पेठेतली, शब्द कमी करायला सांगितलं की मला माहेरचा अपमान झाल्यासारखा वाटायचा. तुम्ही वाशीमकडचे. तुमच्याकडे म्हणे बोलताना पाहुण्याला चहा दोनदा विचारतात, पण कागदावर मात्र तुम्ही माझ्यापेक्षा कंजूष होतात.

खडकीच्या त्या युनिटमध्ये मी सिव्हिलियन टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मला फौजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. सुभेदार मेजर म्हणजे जवानांतून पायरी पायरीने वर चढलेला सगळ्यात मोठा माणूस, कर्नलसाहेबांना जवानांच्या मनातलं सांगणारा आणि जवानांना कर्नलसाहेबांच्या मनातलं, हे मला तुम्हीच पहिल्या आठवड्यात समजावलंत. मी विचारलं, "म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारा?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "हाव. पन पगार एकाकडूनच."

तक्रारीचा रस्ताही तुम्हीच समजावलात. जवानाला काही सांगायचं असेल तर आधी लगेचच्या वरच्याला, मग त्याच्या वरच्याला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, कागद त्याच्याच टेबलावरून पुढे जाणार. मी म्हणाले, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली झाली. तुम्ही म्हणालात, "चोर असन तरी कागदावर सही करून पुढं पाठवा लागते त्याले. तिथंच तो सापडते." महिन्याच्या दरबारात कर्नलसाहेब सगळ्या जवानांसमोर विचारायचे, "किसी को कोई पॉइंट?" आणि जास्तीत जास्त कोणीतरी डाळ पातळ असते एवढं बोलायचा. मी खिडकीतून ऐकायचे. मला वाटायचं, एवढी तीनशे माणसं आणि सगळ्यांचं दुःख डाळीतच कसं काय मावतं.

तेव्हाचे दिवस आठवतात तुम्हाला? ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला होता आणि त्याला कापडी टोपी शिवून घातली होती. बाहेर गावात नव्या नव्या कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या. पेन्शनीला आलेले जवान एकमेकांना विचारायचे की कुठल्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला घेतात. आणि आत आपल्याकडे एकाच कामाला दोन ऑर्डरी निघत होत्या, एक कर्नलसाहेबांची आणि एक त्यांच्या हाताखालच्या मेजरची. त्या दोघांचं सकाळच्या परेडच्या वेळेवरूनसुद्धा जमत नव्हतं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, आपल्याकडे तिसऱ्याच्या वाट्याला दोनदा परेड यायची.

त्याच मेजरने कात्रजच्या पुढे बंगल्यासाठी जागा घेतली होती. रोज सकाळी युनिटच्या ट्रकमधून अकरा जवान तिथे कंपाउंडची भिंत बांधायला जायचे आणि रजिस्टरात ते मैदान साफ करत असायचे. एके दिवशी त्यातल्या एकाच्या बोटांवर दगड पडला. दोन बोटं गेली. रजिस्टरात लिहिलं गेलं, 'व्हॉलीबॉल खेळताना'.

तो जवान इस्पितळातून परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या अकरांतलाच लान्सनायक शेळके माझ्याकडे आला. फलटणकडचा, बारीक अंगाचा, बोलताना टोपी हातात फिरवणारा. अकरा जणांना तक्रार करायची होती, इंग्रजीत टाइप करून हवी होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मला वाटत होतं की तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

तो कागद तुमच्या टेबलावर आला तेव्हा मी समोरच उभी होते. एक अर्ज, खाली अकरा सह्या, एकाखाली एक, सरळ रेषेत. मला तर तो फार देखणा दिसत होता. तुम्ही वाचलात आणि तुमचा चेहरा असा उतरला की मी घाबरले. उठून दार लावलंत. "हे कोनाची अक्कल?" फौजेत एका कागदावर अकरा सह्या म्हणजे तक्रार नसते, संगनमत असतं, हे मला त्या क्षणी कळलं. भिंत बांधून घेणारा राहिला असता बाजूला आणि कोर्ट मार्शल या अकरांचं झालं असतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, कोणाची अक्कल. शेळके म्हणाला, "माझी, साहेब."

तुम्ही कागद घडी करून खिशात घातलात. त्या सगळ्यांना एकेक कोरा कागद दिलात आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंत. एक माणूस, एक कागद, एक सही. आठवडाभराने वर गेला तो फक्त शेळकेचा अर्ज. मी विचारलं, बाकीचे दहा कुठे आहेत? तुम्ही म्हणालात, "नाई आले."

नाई आले. या दोन शब्दांवरून मी तुमच्याशी बारा वर्षं भांडले.

मला तेव्हा वाटलं, तुम्ही अकरांची मूठ सोडवून एकाला वाऱ्यावर सोडलंत. एकत्र होते तोवर त्यांच्यात दम होता, एकेकटं बसवल्यावर दहा जणांच्या पायातलं बळ गेलं. आणि त्या दहांचा तर मी असा धुव्वा उडवला की विचारू नका. कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत. "दहा मिशा आणि एक माणूस" असं म्हणाले होते मी. त्यांच्यातला एक जण समोर चहा पीत होता, तो कप ठेवून उठून गेला. मेजर शेजारच्या टेबलावर होता, तो मोठ्याने हसला. तुम्ही कोपऱ्यात उभे होतात. मला वाटलं तुम्ही रागावाल, तर तुम्ही उलट मलाच चहा मागवलात. मला त्याचंही आश्चर्य वाटलं नाही, एवढी मी माझ्या रागात होते.

शेळकेचा कागद मात्र तुम्ही सोडला नाहीत. कर्नलसाहेबांच्या खोलीचं पार्टिशन प्लायवूडचं होतं आणि माझं टेबल त्याला चिकटून, त्यामुळे ऐकू आलं यात माझा दोष नाही. आधी ते म्हणाले, "साब, मेरी यूनिट से आज तक एक शिकायत नहीं गई." तुम्ही विचारलंत, "गई नहीं साहब, या जाने नहीं दी?" दोन दिवसांनी साहेबांचा सूर बदलला. मेजरला धडा शिकवायची ही आयती संधी आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अर्जात आणखी दोन-तीन गोष्टी घाला म्हणाले, परेडचं घाला, ऑर्डर मोडल्याचं घाला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. "साहब, यह शेळके का कागज़ है. आपका आप लिखिए."

त्या वाक्याने तुमचं ऑनररी कमिशन गेलं. शेवटच्या वर्षी लेफ्टनंट होऊन निवृत्त व्हायचं हे तुमचं एकच स्वप्न होतं. वहिनींनी गावी सांगूनही ठेवलं होतं. यादी आली त्या सकाळी तुम्ही ती एकदा वाचलीत, माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "फाइल करा बाई." मेजर तुमच्यावर उखडलेला, कर्नलसाहेब तुमच्यावर उखडलेले. तुमच्या बाजूने शब्द टाकायला कोण उरलं होतं? मी टायपिस्ट, माझा शब्द टाइप करण्यापुरताच.

शेळकेचंही काही सोनं झालं नाही. त्याला आधी लांब पाठवलं, त्याची बढती अडवली, मग वरून चौकशी आली. बंद खोलीत झाली. निकाल आला तो अर्धामुर्धा. मेजरची बदली झाली, जवान नेणं बंद झालं, व्हॉलीबॉल खोडून खरं लिहिलं गेलं आणि त्या जवानाला जखमेची पेन्शन लागली. शेळकेला हवालदारीची फीत मिळाली ती त्याच्या बरोबरीच्यांना मिळाल्यानंतर किती तरी उशिराने.

तुम्ही निवृत्त झालात आणि खडकी स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या या दोन खोल्यांच्या ओट्यावर रविवारी टेबल मांडलंत. मी काही तुमच्या प्रेमापोटी येत नव्हते, स्पष्टच सांगते. तुमचं इंग्रजी वाचवत नव्हतं म्हणून यायचे. आधी माझा टाइपरायटर, मग मुलीचा जुना कॉम्प्युटर. रजा नाकारलेला, वर्षाचा गोपनीय रिपोर्ट बिघडवलेला, साहेबाच्या घरी कुत्रं फिरवायला लावलेला, असे किती आले. सगळ्यांना तेच, काय झालं, कुठं झालं, कोनं पाह्यलं. आणि ते गेले की आपलं भांडण. मी म्हणायचे, "त्या दिवशी अकरांना एकत्र ठेवलं असतंत तर." तुम्ही म्हणायचात, "तर अकरा घरं बसली असती बाई."

एकदा माझी मुलगी बरोबर होती. ती हिंजवडीला, तिसरी कंपनी तिची. ती म्हणाली, "काका, एवढा व्याप कशाला? नाही पटलं मॅनेजरशी की पेपर टाकायचे आणि स्विच मारायचा." तुम्ही तिला हसला नाहीत. म्हणालात, "पोरी, ज्याले जाता येते त्याले तक्रार लागत नाई. ज्याले जाता येत नाई त्याच्यासाठी हा कागद हाये." मी त्या दिवशी भांडले नाही, त्याची नोंद घ्यावी.

आता जे तुम्ही सांगितलं नाहीत त्याबद्दल.

स्मशानात मी आले होते. बायकांनी यायचं नसतं असं वहिनींचे भाऊ पुटपुटले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिथे त्या दहांपैकी सात जण आले होते. पोटं सुटलेली, केस पांढरे, पण मी ओळखलं. कँटीनमध्ये कप ठेवून उठलेला तोही होता. तो माझ्यापाशी येऊन नमस्कार करायला लागला आणि मी तोंड फिरवलं. साहेब, तुमच्या चितेसमोर मी त्या माणसाकडे पाठ केली. तो हळूच म्हणाला, "बाई, साहेबांनी तुमाला सांगितलं नाय का?" मी चालू लागले.

काल वहिनींनी तुमच्या काळ्या ट्रंकेची किल्ली दिली. पांढऱ्या रंगात तुमचा नंबर लिहिलेली ती. पेन्शनचे कागद शोधायचे होते. तळाशी एक जाड पाकीट होतं. त्यात तो अकरा सह्यांचा कागद, घडीवर विरलेला. आणि त्याच्याखाली दहा अर्ज. हाताने लिहिलेले, दहा वेगळ्या अक्षरांत, प्रत्येकाखाली एक सही. कोणी हिंदीत, कोणी मोडक्या इंग्रजीत. काय झालं, कुठं झालं, कोणी पाहिलं.

म्हणजे ते आले होते. दहाही आले होते.

मी तशीच रिक्षा करून मार्केट यार्डला गेले. शेळके तिथे कांद्याच्या एका गाळ्यावर माल उतरवून घेण्याचं काम बघतो. पोत्यांच्या थप्पीशेजारी मला स्टूल दिलं, स्वतः उभा राहिला. मी दहा अर्ज त्याच्या हातात ठेवले. त्याने एकेक बघितला, जणू जुन्या मित्रांचे फोटो.

"एकाच दिवशी अकरा सारखे कागद वर गेले असते तर ते बी संगनमतच झालं असतं, बाई," तो म्हणाला. "साहेब म्हनले, एकच जाईल. बाकीचे दहा हितंच राहतील, गप राहतील. चौकशी आली की साक्षीदार पायजेत का नको? समद्यांना लांब पाठवलं तर खरं सांगायला कोन उरंल?"

"आणि चौकशीत?"

"चौकशीत धाच्या धा जन बोलले. एकेकटे. आत साहेब लोक तिघं आन् हा एकटा. मला वाटतं बाई, माझ्यापरीस त्यांचंच अवघड होतं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? बारा वर्षं मी तुमच्याशी भांडले, एका शब्दाने का नाही? शेळके जरा अवघडला. मग हसून म्हणाला, "साहेब म्हनायचे, बाईंच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आन् तुमी कँटीनमधी जे बोललात ना, त्यानं मेजरची खात्रीच पटली की ह्ये धा जन घाबरले. त्यानं मग त्यांच्याकडं बघितलंच न्हाय."

तर सुभेदारसाहेब, तुम्ही माझ्या रागाचा आडोसा केलात. मला न विचारता. त्या दिवशी मागवलेला चहा कशाचा होता ते आत्ता कळलं. मला तुमचा इतका संताप आला की गाळ्यावरचे हमाल बघायला लागले, आणि मग मी तिथेच स्टुलावर बसून रडले. तेराव्याला न रडलेली मी, कांद्याच्या पोत्यांमध्ये रडले. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "कांदा लागला बाईला." बरं झालं तसंच वाटलं ते.

पण मी शेळकेकडे फक्त हे विचारायला गेले नव्हते. मला त्याला एक सांगायचं होतं, जे तुम्हाला सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.

अकरा सह्या एका कागदावर घ्यायची अक्कल माझी होती. तो बिचारा स्वतःपुरता अर्ज घेऊन आला होता. अकरा जण, अकरा अर्ज, असंच त्याच्या डोक्यात होतं. मीच म्हणाले, छे, वेगवेगळे कशाला? आमच्या गल्लीत पाणी येत नव्हतं तेव्हा आम्ही चाळीस सह्यांचा एक अर्ज दिला, तेव्हा कुठे महापालिकेचा माणूस आला. जेवढ्या सह्या जास्त तेवढं वजन जास्त. मी पट्टीने रेघा मारून अकरा ओळी आखून दिल्या. आणि तुम्ही दार लावून विचारलंत, कोणाची अक्कल, तेव्हा मी समोर उभी असून गप्प बसले. शेळके 'माझी' म्हणाला, तरीही गप्प बसले. नोकरी नवी, मुलगी शाळेत, कारणं काय हवी तेवढी. त्यानंतर मी तुमच्याशी इतक्या मोठ्याने भांडत राहिले ते बहुतेक यासाठी, की माझं मला ऐकू येऊ नये.

हे सगळं मी शेळकेला सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "साहेबांना पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं," तो म्हणाला. "जवानाला पट्टीनं रेघा मारायचं सुचतंय व्हय?"

मग त्याने सांगितलं की तुम्ही त्याला बाजूला घेऊन तीनदा विचारलंत, खरं कोणाची. तिन्ही वेळा त्याने माझं नाव घेतलं नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जो दुसऱ्याचं नाव नाई घेत तोच कागद शेवटपर्यंत नेते. तूच जा." म्हणजे तुम्ही शेळकेला शिक्षा म्हणून पुढे केलं नव्हतं. आणि मला बारा वर्षं रविवारी समोर बसवून घेतलंत, भांडू दिलंत, एकदाही म्हणाला नाहीत की बाई, बोलताय काय, रेघा तुमच्या होत्या. मी कधीतरी स्वतः होऊन सांगेन म्हणून थांबला होतात का? मग थोडं आणखी थांबायचंत.

फोन वाजतोय. गोसावी असेल.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार.

गोसावीला मी ये म्हणाले. शेळकेलाही निरोप दिला आणि त्या सातांपैकी ज्यांचे नंबर मिळाले त्यांना. शेळके आणि दोघं आले. त्या दोघांतले कप ठेवून उठलेले ते मोरे, आता खडकीतच नातवाला शाळेत सोडायचं काम करतात. मी ओट्यावर सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. हळू आवाजात नाही, जेवढ्या आवाजात कँटीनमध्ये बोलले होते तेवढ्याच. मोरे एवढे गोंधळले की त्यांनी मलाच सॅल्यूट केला. वहिनींनी चहा दिला आणि त्यांनी तो या खेपेला पूर्ण संपवला.

दहा वाजता गोसावी आला. एकटा नव्हता, बरोबर आणखी दोघं जवान. परेडवर एका साहेबाने एका शिपायाच्या कानाखाली मारली, गोसावी मध्ये पडला, आणि तेव्हापासून त्याचा रिपोर्ट बिघडत चालला आहे. त्याने बॅगेतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कुठल्यातरी सायबर कॅफेत छापून आणलेला, गुळगुळीत. खाली तीन सह्या.

"तिघांच्या घेतल्यात मॅडम," तो म्हणाला. "म्हटलं, वजन पडेल."

शेळकेने माझ्याकडे बघितलं आणि तो पायऱ्यांकडे बघायला लागला. मला तुमचा चेहरा आठवला, दार लावून वळलेला. तेव्हा तुमच्या मनात काय झालं असेल ते मला काल पहिल्यांदा कळलं. राग नव्हता तो. भीती होती, त्या माणसांसाठी.

मी कागद घडी करून माझ्या पर्समध्ये घातला. तिघांना तीन कोरे कागद दिले. एकाला ओट्यावर बसवलं, एकाला कॅलेंडरखाली, एकाला स्वयंपाकघरात वहिनींच्या समोर. "एकमेकांना विचारायचं नाही," मी म्हणाले. "ज्याचा रिपोर्ट बिघडला त्याने तक्रार लिहायची. ज्यांनी पाहिलं त्यांनी, पाहिलं तेवढंच लिहून स्वतःपाशी ठेवायचं. बोलावतील तेव्हा एकेकट्याने जाऊन सांगायचं. आणि विशेषणं नकोत."

गोसावीला मी सगळं स्पष्ट सांगितलं. कागद पुढे जाईल, आम्ही अडकू देणार नाही. पण तो पुढे जात असताना तुला त्रास होईल आणि उत्तर पूर्ण मिळेल याची खात्री नाही. त्याने शेळकेला विचारलं, "तुम्हाला पूर्ण मिळालं होतं का?" शेळके म्हणाला, "न्हाय. पर ट्रक थांबला."

गोसावीने टोपी बाजूला ठेवली आणि लिहायला घेतलं.

तुमचा नियम मला आजही पटलेला नाही, हे लक्षात असू द्या. अकरा माणसांनी एका तोंडाने बोलू नये असं ज्याने ठरवलं त्याला अकरा माणसांची धास्ती वाटत असणार. हे भांडण मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. पण तो नियम बदलेपर्यंत माणसं त्यात चिरडू द्यायची नाहीत, एवढं मला तुमच्याकडून घ्यावं लागलं. दर रविवारी टेबल लागेल. टायपिंग मी करीन, साक्षीदारांशी मोरे बोलतील, वरच्या कार्यालयांत खेटे शेळके घालेल. ओट्यावर चहा किती वेळा विचारायचा ते वहिनी ठरवतील.

तुमचे आभार मानायचे राहिले. त्या वेळी मला वाचवल्याबद्दल, आणि वाचवलंय हे कळू न दिल्याबद्दल. त्यासाठी मला माझ्याच पद्धतीने लिहायला लागलं, त्यामुळे वर चार-दोन विशेषणं राहिली असतील. काढायला तुम्ही नाही, म्हणून राहू देते.

पण हा शेवटचा भाग तुमच्या पद्धतीने लिहिते. वेगळ्या कागदावर उतरवून तो ट्रंकेतल्या पाकिटात, त्या दहांच्या खाली ठेवणार आहे.

काय झालं: अकरा जणांच्या सह्या एका कागदावर घ्यायला मी सांगितलं. विचारलं तेव्हा गप्प राहिले. लान्सनायक शेळकेने माझा दोष स्वतःवर घेतला.

कुठं झालं: खडकी, टायपिंगची खोली आणि सुभेदार मेजरांची खोली.

कोणी पाहिलं: शेळकेने पाहिलं. तुम्ही ओळखलंत.

सही एकटीची आहे.

वसुधा आपटे